७३ कोटी वर्षांच्या विश्वातला एक स्फोट आणि त्याच्या उजेडात दिसलेलं बाकीचं

आनंदवलीकर | शनिवार, १३ डिसेंबर २०२५, रात्री ८:५०

या आठवड्यात जेम्स वेब दुर्बिणीची एक बातमी आली. बहुतेक ठिकाणी ती "आजवरचा सर्वात दूरचा सुपरनोव्हा" एवढ्या एका ओळीत संपली. (सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा अखेरचा स्फोट.) मला ती त्याहून फार मोठी वाटते, म्हणून हा धागा.

घडलं ते असं. १४ मार्च २०२५ ला फ्रान्स आणि चीनच्या एसव्हीओएम उपग्रहाने गॅमा किरणांचा एक झोत टिपला. जेमतेम दहा सेकंदांचा. दीड तासात स्विफ्ट उपग्रहाने क्ष-किरणांत पाहून जागा पक्की केली. आणखी काही तासांनी कॅनरी बेटांवरच्या नॉर्डिक दुर्बिणीला त्या जागी अवरक्त प्रकाशात एक मावळत चाललेला ठिपका सापडला, आणि आणखी चार तासांत चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने त्याचं अंतर काढलं. ताम्रसृती (विश्व पसरताना प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप) ७.३. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व ७३ कोटी वर्षांचं होतं. आज ते १३.८ अब्ज वर्षांचं आहे. या स्फोटाचं नाव जीआरबी २५०३१४ए.

इथपर्यंत काम भराभर झालं. मग मात्र शास्त्रज्ञ मुद्दाम थांबले. वेबने त्या जागेकडे पाहिलं ते थेट १ जुलैला. गॅमा किरणांचा झोत सोडणारा तारा कोसळतो तेव्हा मागोमाग सुपरनोव्हा उजळतो, आणि जवळच्या उदाहरणांत तो साधारण दोन आठवड्यांत ऐन भरात येतो. पण ताम्रसृती ७.३ असेल तर तिथला काळ आपल्याला ८.३ पट ताणलेला दिसतो. १४ मार्च ते १ जुलै म्हणजे १०९ दिवस. त्याला ८.३ ने भागा. तेरा दिवस येतात! त्या ताऱ्याच्या जागी स्फोट होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा आपण त्याला गाठलं. विश्व प्रसरण पावतं हे आपण पुस्तकात वाचतो. इथे त्या प्रसरणावर विसंबून दुर्बिणीचं वेळापत्रक ठरवलं आणि सुपरनोव्हा ठरल्या वेळी तिथे होता.

आणि तो दिसला कसा? १९९८ मध्ये आपल्या तुलनेने शेजारी फुटलेल्या एसएन १९९८बीडब्ल्यू या सुपरनोव्हासारखा. सुरुवातीच्या विश्वातले तारे वेगळे असतील, जड मूलद्रव्यं कमी, वस्तुमान जास्त, म्हणून स्फोटही वेगळे असतील अशी अपेक्षा होती. निदान या एका ताऱ्याने तसं काही दाखवलं नाही.

या विषयातले जाणकार इथे आहेत हे ठाऊक आहे. अशा स्फोटांतून सुरुवातीच्या विश्वाबद्दल नेमकं काय कळतं, यावर सविस्तर लिहावं ही विनंती.

सिन्नर_फाटा | १३ डिसेंबर, रात्री ९:२२

फार छान मांडलंत. तेरा दिवसांचं गणित सोमवारी आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवणार, भागाकारापलीकडे त्यात काही लागत नाही.

एक प्रश्न. वेबने विश्व २८ कोटी वर्षांचं असतानाच्या दीर्घिका पाहिल्या आहेत. मग ७३ कोटी वर्षांच्या वेळचा एक तारा फुटला यात एवढं काय? अख्ख्या दीर्घिका त्याहून दूरच्या दिसत असताना एका ताऱ्याची गरज का पडावी?

काक्षी | १३ डिसेंबर, रात्री १०:०५

@सिन्नर_फाटा, सर, तुमचा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. सवडीने लिहिते.

दीर्घिकेचा प्रकाश ही कोट्यवधी ताऱ्यांची सरमिसळ असते. वेगवेगळ्या वयाचे तारे, धूळ, तापलेला वायू, सगळं एकत्र. त्यातून एकेक गोष्ट सुटी करायची तर बरीच गृहीतकं धरावी लागतात. गॅमा किरण स्फोटानंतर जो मागे रेंगाळणारा प्रकाश असतो, त्याचा वर्णपट (रंगांनुसार तेजाची मांडणी) मात्र अगदी सरळ असतो. एक गुळगुळीत उतरती रेघ. त्यात स्वतःचे चढउतार जवळजवळ नसतात. त्यामुळे त्या रेघेत जिथे खाच दिसेल, ती वाटेतल्या वायूने पाडलेली आहे हे कळतं.

पहाटे कसारा घाटातून धुक्यात आलेल्यांना हे चटकन पटेल. समोरच्या ट्रकचा दिवा लागल्याशिवाय धुकं किती दाट आहे ते समजत नाही. खगोलशास्त्रज्ञांना दिव्याइतकीच, किंबहुना जास्त, मधल्या धुक्याची ओढ आहे.

ते धुकं म्हणजे हायड्रोजन. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व थंड होऊन इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जुळले, अणू तयार झाले. तिथून पुढे कोट्यवधी वर्षं अंधारयुग. मग पहिले तारे पेटले, त्यांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे अणू पुन्हा फुटू लागले, आणि विश्व सुमारे एक अब्ज वर्षांचं होईपर्यंत दीर्घिकांमधला जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनीभूत झाला, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले. याला पुनर्आयनीभवन म्हणतात. ते कधी सुरू झालं, कुठे आधी, कुठे नंतर, आणि कोणी केलं, हे आजही पुरतं सुटलेलं नाही.

अणुरूपातला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरचा प्रकाश अधाशासारखा गिळतो. वायू फार दाट असेल तर ती खाच नुसती खोल राहत नाही, तिची कड लांबवर पसरते. त्या कडेच्या उतारावरून वाटेत तटस्थ, म्हणजे न फुटलेला, हायड्रोजन किती शिल्लक होता याचा अंदाज बांधता येतो. ४ सप्टेंबर २००५ च्या स्फोटावर, ताम्रसृती ६.३, जपानच्या सुबारू दुर्बिणीने हाच प्रयोग केला. विश्व तेव्हा ९० कोटी वर्षांचंही नव्हतं. उत्तर आलं की तटस्थ हायड्रोजनचं प्रमाण साठ टक्क्यांपेक्षा कमीच असलं पाहिजे. अजिबात नसला तरी मोजमापाशी जुळतं. म्हणजे त्या दिशेला काम बरंचसं उरकत आलं होतं.

हेच काम क्वेसारच्या (महाकाय कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या दीर्घिकेच्या गाभ्याच्या) प्रकाशातही होतं, आणि पुष्कळ झालं आहे. पण क्वेसार लाखो वर्षं धगधगत राहून आजूबाजूचा वायू स्वतःच आयनीभूत करून ठेवतो. जे मोजायचं तेच तो बदलून बसतो. स्फोटाचा प्रकाश येतो आणि जातो, दूरच्या वायूला बदलायला त्याला वेळच मिळत नाही. शिवाय क्वेसार बड्या दीर्घिकांमध्ये असतात, तर हे तारे बहुधा लहानसहान दीर्घिकांत फुटतात.

आणि या लहान दीर्घिकांसाठीच तर सगळं. २०१२ मध्ये एका गटाने हबल दुर्बीण अशा सहा अतिदूरच्या स्फोटांच्या जागांकडे वळवली. स्फोट विझलेले होते. एकाही जागी दीर्घिका दिसली नाही. तिथे दीर्घिका असणार यात शंका नव्हती, कारण तारा हवेत फुटत नाही. त्या इतक्या मंद होत्या की हबलच्या आवाक्यात आल्या नाहीत. (पुढे आणखी खोल निरीक्षणांत काही सापडल्या.) वेबला २८ कोटी वर्षांच्या वेळच्या ज्या दीर्घिका दिसतात त्या त्यांच्या काळातल्या सर्वांत तेजस्वी आहेत. त्या काळच्या बहुसंख्य दीर्घिका कशा होत्या हे त्यांच्यावरून सांगता येत नाही. स्फोट मात्र दीर्घिका मोठी की लहान हे बघून होत नाही.

ओझरकर | १३ डिसेंबर, रात्री १०:४१

काक्षीताई, वाचनखूण साठवली.

या शोधाचा इतिहासही इथे नोंदवून ठेवतो. उपकरणांच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे मला त्याचं विशेष आकर्षण आहे. अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते ते अणुचाचणी बंदीचा करार कोणी मोडतंय का हे पाहायला. २ जुलै १९६७ ला त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला, जो अणुस्फोटासारखा दिसत नव्हता. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी अनेक उपग्रहांवरच्या वेळांतला सूक्ष्म फरक मोजून दिशा काढल्या. पृथ्वीवरून नाही, सूर्याकडूनही नाही. १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

त्यानंतर जवळपास पाव शतक हे स्फोट आपल्या आकाशगंगेत होतात की पार दूर, यावरच वाद चालला. गॅमा किरणांची दिशा नेमकी ठरवणं फार अवघड, हे त्याचं कारण. २८ फेब्रुवारी १९९७ ला इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने क्ष-किरणांतला मागे राहिलेला प्रकाश पकडला, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या एका स्फोटाची ताम्रसृती ०.८३५ निघाली. वाद मिटला. दुसऱ्याच वर्षी धाग्यात उल्लेखलेला १९९८बीडब्ल्यू आला आणि स्फोटाचं नातं सुपरनोव्हाशी जोडलं गेलं.

२० नोव्हेंबर २००४ ला सोडलेल्या स्विफ्टने चित्र पालटलं. झोत दिसला की कुणाच्या आदेशाची वाट न पाहता तो स्वतःच वळतो, एक-दीड मिनिटात दुर्बीण त्या जागेवर रोखलेली असते. इतक्या वजनाचा उपग्रह स्वतःहून इतक्या चपळाईने फिरवून स्थिर करणं किती कठीण आहे, हे ज्यांनी फिरत्या यंत्रांचं काम केलं आहे त्यांना सांगायला नको. खगोलशास्त्राच्या या शोधांत नियंत्रण प्रणाली बनवणाऱ्या अभियंत्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो क्वचितच लिहिला जातो.

निफाडचा_मळा | १३ डिसेंबर, रात्री ११:३०

आज रात्रीची लाईट आहे, बागेला पाणी सोडून बसलोय. मिथुनेतल्या उल्का छान पडतायत, चंद्र उगवायला वेळ आहे, ज्यांना जमेल त्यांनी गच्चीवर जावं. गुरूही मिथुनेतच आहे.

काक्षीताईंचं लिखाण दोनदा वाचलं. प्रश्न साधा आहे. असा स्फोट नुसत्या डोळ्यांनी कधी दिसू शकतो का? आम्ही रात्रभर आकाशाखालीच असतो. आणि माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे, तिच्यातून काही हाती लागेल का?

आनंदवलीकर | १३ डिसेंबर, रात्री ११:५२

@निफाडचा_मळा, दादा, एकदा दिसण्याजोगा झाला होता. १९ मार्च २००८, भूतप तारकासमूहात. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला साडेसात अब्ज वर्षं लागली होती, तरीही अर्धा मिनिटभर तो अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी होता. पृथ्वी आणि सूर्य तयार व्हायच्या आधी निघालेला प्रकाश! आपल्याकडे तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजले होते, त्यामुळे निफाडहून शक्य नव्हतं. चिलीतल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तो टिपला.

दुर्बिणीबद्दल काक्षी जास्त नेमकं सांगतील.

त्र्यंबकरोड | रविवार, १४ डिसेंबर, सकाळी ७:४०

विषय आवडला, पण एका मुद्द्यावर अडलो आहे. वेबच्या छायाचित्रात ती जागा म्हणजे मोजके लालसर पिक्सेल आहेत. त्यात दीर्घिकाही आली, सुपरनोव्हाही आला आणि कदाचित मूळ स्फोटाचा उरलेला प्रकाशही आला. मग "सुपरनोव्हा दिसला" आणि वर "तो आजच्यासारखाच आहे" हे दोन्ही निष्कर्ष कशाच्या जोरावर? एका ठिपक्यावरून पहिल्या पिढीच्या ताऱ्यांचा सिद्धान्त मोडीत काढणारे लेख मी या आठवड्यात वाचले. ते मला मान्य नाही.

काक्षी | १४ डिसेंबर, सकाळी ९:१५

@त्र्यंबकरोड, शंका रास्त आहे.

मागे रेंगाळणारा प्रकाश किती वेगाने उतरतो हे मार्चच्या मोजमापांवरून माहीत आहे. त्या हिशेबाने जुलैपर्यंत तो वेबलाही जवळजवळ दिसेनासा झालेला असायला हवा. उरले दोन, दीर्घिका आणि सुपरनोव्हा. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या गाळण्यांतून मोजलेलं तेज घेऊन त्यांनी १९९८बीडब्ल्यू ७.३ ताम्रसृतीला नेऊन ठेवला तर कसा दिसेल ते काढलं. एक मंद दीर्घिका अधिक तो सुपरनोव्हा, असं धरलं की मोजमाप जुळतं. फार जास्त तेजस्वी किंवा फार निळा स्फोट असता तर तो लपला नसता. म्हणून "आजच्यासारखा" याचा काटेकोर अर्थ एवढाच की तेज आणि रंग यांत ठळक फरक नाही.

निर्णायक कसोटी पुढे आहे. सुपरनोव्हा मावळू द्यायचा, मग त्याच जागेचं पुन्हा छायाचित्र घ्यायचं. तेव्हा जे उरेल ती निव्वळ दीर्घिका. आधीच्या छायाचित्रातून ते वजा केलं की सुपरनोव्हा एकटा हाती येतो. अर्थात मावळायलाही ८.३ पट वेळ लागतो, तेव्हा धीर धरावा लागेल.

आणि पहिल्या पिढीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ७३ कोटी वर्षांच्या विश्वात ताऱ्यांच्या अनेक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. जड तारा तीस-चाळीस लाख वर्षांत संपतो. या स्फोटाने पहिल्या ताऱ्यांबद्दल काहीच नाकारलेलं नाही.

अकरावी_सायन्स | १४ डिसेंबर, सकाळी ११:०३

नमस्कार, मी कॉलेज रोडला अकरावीला आहे. काही शंका आहेत, रागावू नका.

बातमीत "१३ अब्ज प्रकाशवर्षं दूर" म्हटलंय. विश्व पसरत असेल तर ते आता त्याहून दूर असायला हवं ना?

पहिल्या पिढीचे तारे वेगळे का असणार होते? हायड्रोजन तर तेव्हाही तोच होता.

आणि ते दिसलेच नाहीत तर ते होते हे आपण कशावरून म्हणतो?

काक्षी | १४ डिसेंबर, दुपारी १:३०

@अकरावी_सायन्स, रागवायचं कशाला, असे प्रश्न विचारत राहा.

बरोबर ओळखलंस. तेरा अब्ज हा प्रकाशाच्या प्रवासाचा काळ आहे. तो निघाल्यापासून मधली जागा ताणत गेली, त्यामुळे ती दीर्घिका आज जिथे असेल ते अंतर सुमारे २९ अब्ज प्रकाशवर्षं भरतं. वर्तमानपत्रं बहुतेकदा पहिला आकडा देतात.

तारा बनायचा तर वायूचा ढग आकसला पाहिजे, आणि आकसायचा तर त्याने उष्णता बाहेर टाकली पाहिजे. आजच्या ढगांत कार्बन, ऑक्सिजन आणि धुळीचे कण असतात, ते उष्णता फार सहज बाहेर टाकतात, म्हणून ढगाचे लहान तुकडे पडतात आणि सूर्यासारखे तारे होतात. सुरुवातीला हायड्रोजन, हेलियम आणि कणभर लिथियम एवढंच होतं. हायड्रोजनचा रेणू हे काम करतो, पण फार कमी. ढग गरम राहतो, मोठा असल्याशिवाय कोसळत नाही, आणि त्यातून होणारा तारा अवाढव्य. निदान गणित तसं सांगतं.

त्यातले जे सूर्याच्या साधारण १४० ते २६० पट वस्तुमानाचे असतील त्यांचा शेवट विलक्षण असायला हवा. गाभा इतका तापतो की गॅमा किरणांतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोड्या निपजू लागतात. ताऱ्याला आतून तोलून धरणारा दाब त्यात खर्ची पडतो, गाभा खचतो, ऑक्सिजन एकदम पेटतो आणि अख्खा तारा उधळला जातो. कृष्णविवर नाही, न्यूट्रॉन तारा नाही, मागे काहीही उरत नाही. असा स्फोट पहिल्या पिढीच्या ताऱ्याचा आहे असं खात्रीने सांगता येईल असं उदाहरण आजवर मिळालेलं नाही. ते मिळावं हे या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांचं स्वप्न आहे, माझंही.

तिसऱ्या शंकेचं उत्तर आपल्याच आकाशगंगेत आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीने एक तारा शोधला, ज्यातलं लोखंड सूर्यातल्या लोखंडाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी आहे. इतका निर्भेळ तारा फार लवकर, बहुधा एकाच आद्य सुपरनोव्हाने शिंपलेल्या वायूतून जन्मला असावा. दूरच्या स्फोटांतही हा धागा पकडता येतो. २०२१ च्या सप्टेंबरमधल्या एका स्फोटाच्या (ताम्रसृती ६.३) वर्णपटात त्या दीर्घिकेतल्या वायूच्या खाचा मोजल्या, तर जड मूलद्रव्यं सूर्याच्या मानाने सुमारे पन्नासपट कमी निघाली. विश्व इतकं लहान असताना कमी का होईना पण ती होती. ती कोणीतरी आधी शिजवून ठेवली होती, त्याशिवाय येणार कुठून?

त्र्यंबकरोड | १४ डिसेंबर, दुपारी ४:१०

समाधान झालं. आता मला खरोखर छळणारा प्रश्न मांडतो.

पुनर्आयनीभवन ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने झालं असं आपण म्हणतो. पण तो प्रकाश आधी दीर्घिकेतून बाहेर पडला पाहिजे. २०१९ मध्ये अशा १४० स्फोटांचे वर्णपट एकत्र अभ्यासले गेले, ताम्रसृती १.६ ते ६.७. प्रत्येकात ताऱ्याभोवती किती हायड्रोजन होता ते मोजलं. निष्कर्ष असा की आयनीभवन करू शकणारा प्रकाश सरासरी अर्धा टक्काच निसटतो, फार तर दीड टक्का. विश्व आयनीभूत करायला मात्र साधारण दहा टक्के लागतात असं बहुतेक गणितं धरून चालतात. मग हे काम केलं कोणी?

काक्षी | १४ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

हा आकडा इथे आणलात याचा आनंद झाला. माझ्या मते गॅमा किरण स्फोटांनी सुरुवातीच्या विश्वाबद्दल सांगितलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिची चर्चा तिच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी होते.

त्यातलं बळ हे की मोजमाप थेट आहे. तारा जिथे होता, नेमका तिथून निघालेला प्रकाश, आणि त्याच्यासमोर असलेला वायू. मर्यादाही आहेत. १४० पैकी बहुतेक स्फोट पुनर्आयनीभवन संपल्यानंतरच्या काळातले, ताम्रसृती पाचच्या पुढचे मोजकेच. शिवाय हे तारे फार अल्पायुषी, म्हणजे जन्मले त्याच ढगात फुटतात. थोडं जास्त जगणाऱ्या ताऱ्यांनी तोवर आपल्या भोवतीचा ढग उडवून दिलेला असू शकतो, त्यांचा प्रकाश अधिक सुटत असेल. आणि तिसरं म्हणजे वेबने पाहिलेल्या आद्य लहान दीर्घिका अपेक्षेपेक्षा बराच जास्त अतिनील प्रकाश तयार करतात. तयारच जास्त होत असेल तर कमी टक्का निसटूनही भागू शकेल.

पण मला स्वतःला वाटतं की या तिन्ही सबबी मिळूनही प्रश्न पुरता मिटत नाही. म्हणून मार्चसारखे स्फोट हवेत, आणि ते मूठभर असून चालणार नाही. पन्नास वर्षांत पहिल्या एक अब्ज वर्षांतले स्फोट बोटांवर मोजण्याइतके मिळाले. एसव्हीओएम २०२४ च्या जूनमध्ये गेला, चीनचा आइन्स्टाइन प्रोब त्याच वर्षी जानेवारीत. दोन्हींची रचना अशा दूरच्या, मवाळ झालेल्या झोतांना अनुकूल आहे. ताम्रसृती सहाच्या पलीकडचे वीस-पंचवीस चांगले वर्णपट मिळाले तर निसटणाऱ्या प्रकाशाचा वाद निकालात निघेल.

@निफाडचा_मळा, तुमचं उत्तर राहिलं होतं. हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरच्या अलीकडचं सगळं गिळतो. ७.३ ताम्रसृतीला ती सीमा ८.३ पट ताणून १००९ नॅनोमीटरवर जाते, आणि डोळ्याला ७०० च्या पुढे दिसत नाही. त्यामुळे कितीही मोठी दुर्बीण असली तरी हा स्फोट डोळ्याला दिसला नसता. कॅमेऱ्याचा सिलिकॉनही १००० च्या आसपास हात टेकतो. पण थोडं अलीकडे या. वर लिहिलेला सप्टेंबर २००५ चा स्फोट, ताम्रसृती ६.३, तो फ्रान्समधल्या टॅरो नावाच्या अवघ्या २५ सेंटीमीटरच्या स्वयंचलित दुर्बिणीने टिपला होता! तुमच्या आठ इंचीपेक्षा दोनच इंच मोठी. ती वेळेवर वळली एवढंच.

आठ इंचीतून जवळचे सुपरनोव्हा मात्र अगदी आवाक्यात आहेत. मे २०२३ मध्ये सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एम १०१ दीर्घिकेत एक फुटला. तो जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी शोधला, आणि अकराव्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितकं तेज जास्त) उजळला. निफाडच्या अंधारात तो निवांत दिसला असता.

ओझरकर | १४ डिसेंबर, रात्री ८:२०

भारताचा वाटाही यात कमी नाही. अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सहाशेवा स्फोट नोंदवला. लडाखमध्ये हानले इथे दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आणि ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया आहे. आशियाच्या या भागात रात्र असते तेव्हा चिली आणि हवाईत दिवस असतो, आणि मावळता प्रकाश कुणासाठी थांबत नाही.

काक्षी | १४ डिसेंबर, रात्री ८:३४

त्यात आणखी एक भर. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाने (ताम्रसृती ८.२, विश्व ६३ कोटी वर्षांचं) त्या वेळी सर्वांत दूरच्या वस्तूचा विक्रम केला होता. त्याच्या मागे राहिलेल्या प्रकाशाच्या रेडिओ लहरी अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने पकडल्या. त्या शोधाचं नेतृत्व पूनम चंद्रा यांनी केलं. पुढे त्या पुण्याच्या एनसीआरएमध्ये होत्या, म्हणजे नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जी संस्था चालवते तिथे.

सिन्नर_फाटा | १४ डिसेंबर, रात्री ९:०८

जीएमआरटीचं नाव निघालंच आहे तर, खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरतं. शाळांचे प्रकल्प असतात आणि ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या जवळून पाहता येतात. एकंदर तीस आहेत. या वेळी मी आमच्या शाळेच्या मुलांना नेणार आहे. आपल्याकडून सोपं आहे, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव आणि तिथून आत खोडद. काक्षीताई, या धाग्यातल्या विषयाशी जोडून मुलांनी तिथे काय विचारावं?

काक्षी | १४ डिसेंबर, रात्री ९:५०

सर, हे विचारू दे: "ताम्रसृती ७.३ चा हायड्रोजन तुम्ही कोणत्या वारंवारतेवर शोधाल?" हायड्रोजनची रेडिओ रेघ १४२० मेगाहर्ट्झवर असते. ८.३ ने भागलं की १७१ मेगाहर्ट्झ, आणि जीएमआरटीच्या एका पट्ट्यात हे बसतं. स्फोटाच्या प्रकाशात आपण त्याच वायूने पाडलेली खाच पाहतो, रेडिओत त्याची स्वतःची क्षीण लहर शोधतो. आकाशगंगेचा स्वतःचा रेडिओ गोंगाट त्या लहरीच्या हजारो पट मोठा आहे, म्हणून इतक्या दूरची ती लहर अजून हाती आलेली नाही. गोंगाट वजा कसा करतात, हा मुलांचा दुसरा प्रश्न असू दे. तिथले लोक त्यावर तासभर बोलतील.

अकरावी_सायन्स | १४ डिसेंबर, रात्री १०:०२

मला पण यायचंय. आईला विचारून सांगतो.

आनंदवलीकर | १४ डिसेंबर, रात्री १०:१५

सर, तारीख नक्की झाली की इथेच टाका. मी गाडी काढणार आहे, तिघांना जागा आहे. निफाडच्या दादांना सोयीचं होईल म्हणून नाशिकच्या द्वारका चौकातून सकाळी सहाला निघू. अकरावीच्या मित्रा, आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप पाठव, मी फोन करतो.